एक रोप, एक जागा



भात हे पाण्यातले पीक आहे, हा समज आपल्या शेतकऱ्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. खाचरात पाणी तुडुंब हवे, रोप चांगले महिन्याचे हवे, आणि एका ठिकाणी चार-पाच काड्यांचा चूड लावावा, म्हणजे एक मेली तरी दुसरी जगेल, असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांचे सांगणे अनुभवाचे होते, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि आफ्रिकेच्या पूर्वेस समुद्रात वसलेल्या मादागास्कर बेटावर एका धर्मगुरूने याच तिन्ही गोष्टी उलट करून पाहिल्या. त्यातून जे निष्पन्न झाले, त्याचा विचार भातावर जगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने करण्यासारखा आहे.

या धर्मगुरूंचे नाव फादर हेन्री दे लोलानिए. जन्म १९२० सालचा, फ्रान्समधला. येशूसंघात प्रवेश करण्यापूर्वी त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले होते. १९६१ साली ते मादागास्करला गेले आणि १९९५ साली मृत्यू येईपर्यंत तेथील लोकांसाठीच झटले. तेथील मनुष्य भातावाचून जेवण जाणत नाही. परंतु जमीन थोडी, खतास पैसा नाही, आणि डोंगर जाळून नवे शेत काढावे तर रान उजाड होते. या गरिबाला विकतचे काहीही न देता त्याच्याच वावरात अधिक भात कसा पिकेल, हा प्रश्न फादरांनी आपला मानला.

त्यांनी प्रथम उपदेश केला नाही, प्रथम पाहिले. काही शेतकरी चुडाऐवजी एकेकच रोप लावीत, तर काही शेतात सतत पाणी तुंबवून ठेवीत नसत, आणि त्यांचे पीक इतरांहून कमी नसे. हे त्यांनी ध्यानात ठेवले. पुढे अंत्सिराबे येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी चालविलेल्या शाळेत १९८३-८४ च्या हंगामात पावसाने ओढ दिली, आणि अवघ्या पंधरा दिवसांची कोवळी रोपे लावण्याचा प्रसंग आला. महिनाभर ते शेत पाहून कोणासही आशा वाटेना. नंतर मात्र एकेका रोपास वीस-पंचवीस फुटवे आले, आणि पुढच्या हंगामांत काहींना त्याहूनही कितीतरी अधिक.

असे का व्हावे? कारण समजण्यास कठीण नाही. भाताचे रोप ठराविक क्रमाने फुटवे धरते. आधीच्या फुटव्यास पुढचा फुटवा येतो. रोप तरव्यात महिनाभर दाटीने वाढले आणि उपटताना मुळे तुटली, की फुटण्याचा त्याचा उत्तम काळ निघून जातो. चुडातील काड्या तर एकमेकींच्याच तोंडचा घास काढतात. आणि पाण्याविषयी म्हणाल, तर भात पाणी सहन करतो एवढेच. सतत बुडालेल्या मातीत हवा नसल्याने मुळे काळी पडून कुजू लागतात. माती कधी ओली, कधी किंचित सुकी राहिली, तर मुळे पांढरी राहतात व खोल जातात.

यावरून पद्धतीचे नियम सहज ध्यानी येतील. रोपे आठ ते बारा दिवसांची, दोन पानांवर आलेली घ्यावी. ती गादीवाफ्यावर विरळ वाढवावी, मातीसकट अलगद उचलावी आणि अर्ध्या तासाच्या आत उथळ लावावी. एका ठिकाणी एकच रोप, आणि दोन्ही बाजूंनी सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून किंचित अधिक, अंतर; त्यासाठी दोरी धरावी. शेत ओले ठेवावे, पण तुंबवू नये. बारीक भेगा दिसू लागल्या की पुन्हा पाणी द्यावे. लोंबी धरण्याच्या वेळेपासून मात्र बोटभर पाणी ठेवावे. लावणीनंतर दहा-बारा दिवसांनी हातकोळपे फिरवावे आणि पुढे दर दहा दिवसांनी, असे तीन-चार वेळा. त्याने तण तर गाडले जातेच, पण मुळांना हवाही मिळते. खत शक्यतो शेणखत वा कुजलेला पालापाचोळा. एकरी २०-३० किलो बियाण्याच्या जागी सुमारे २ किलो बी पुरते.

फादरांनी १९९० साली मालागासी सहकाऱ्यांसह ‘तेफी साइना’ नावाची संस्था काढली. त्या शब्दांचा अर्थ मन घडविणे. शेत पालटण्याआधी मन पालटावे लागते, हे त्यांनी पुरते ओळखले होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक नॉर्मन अप्हॉफ यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. रानोमाफाना येथील रानालगतचे जे शेतकरी हेक्टरी २ टन भात काढीत, त्यांनी या पद्धतीने सरासरी ८ टनांच्या आसपास काढला, असे त्यांनी नोंदविले. आपल्या देशात २००० साली तमिळनाडू कृषी विद्यापीठात प्रयोग झाले, आणि २००३ च्या खरिपात तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात ही लावणी शेतकऱ्यांच्या वावरात उतरली. आपल्याकडे ती ‘श्री’ पद्धत म्हणून ओळखली जाते.

परंतु नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नव्हे. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी व इतरांनी २००४ साली फार मोठ्या उत्पन्नाच्या आकड्यांवर शंका घेतली, आणि तो वाद पुढेही चालला. म्हणून कोणी दुप्पट-चौपट पिकाचे वचन दिले, तर ते ऐकून घ्यावे, पण त्यावर कर्ज काढू नये. बी वाचते, पाणी वाचते, एवढ्यानेही गरिबाचा लाभच आहे. शिवाय तुंबलेल्या खाचरातून मिथेन नावाचा वायू निघून पृथ्वीचा ताप वाढवितो. पाणी कमी तुंबले, की तोही कमी निघतो.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, मादागास्करमध्येच पुष्कळ गरीब शेतकऱ्यांनी ही पद्धत करून पाहिली आणि सोडून दिली. ती फसली म्हणून नव्हे. लावणीचा काळ हाच घरातले धान्य संपण्याचा काळ. या पद्धतीस सुरुवातीस मेहनत अधिक लागते. आणि ज्याच्या चुलीवर आज काही नाही, त्याला आपले शेत सोडून दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जावेच लागते. चार महिन्यांनी येणारे अधिक भात त्याला दिसत होते. परंतु त्या रात्री मुलांना काय वाढावे, याचे उत्तर त्या भातात नव्हते.

मंडळी, येथे प्रश्न शेतीशास्त्राचा उरत नाही; तो शेजारधर्माचा होतो. जी सुधारणा एकट्या गरिबाला पेलत नाही, ती चार घरांनी मिळून पेलता येते. आपल्याकडे पैऱ्याची चाल आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. ती अलीकडे विरळ झाली आहे. कोवळी रोपे अर्ध्या तासात लावून होण्यासाठी पैऱ्याइतके सोयीचे दुसरे साधन नाही. हातकोळपेही प्रत्येकाने विकत घेण्याचे कारण नाही. वाड्यात एक असले तरी पुरे. आणि ज्या विधवेच्या घरी काम करणारे हात नाहीत, तिचे शेत पैऱ्यात आधी धरावे.

खानापूरकडील वा गोव्यातील ज्या शेतात पावसाळ्यात पाणी काढून टाकण्याची सोयच नाही, तेथे हा प्रयोग करू नये. कोवळे रोप बुडून जाईल. परंतु जेथे बांध फोडून पाणी सोडता येते, तेथे येत्या खरिपात एकच गुंठा बाजूस ठेवावा. त्यास सुमारे ५० ग्रॅम बी पुरेल. बाकीचे शेत नेहमीप्रमाणे लावावे, म्हणजे पोटाला धोका नाही. पहिले तीन आठवडे तो गुंठा ओसाड दिसेल, येणारे-जाणारे हसतील, हसू द्यावे. कापणीच्या दिवशी त्या गुंठ्याचे भात वेगळे झोडावे, शेजारच्या एका गुंठ्याचे वेगळे, आणि दोन्ही वजन करून वहीत लिहून ठेवावे. मग तराजू जे सांगेल, ते आपले आणि शेजाऱ्याचे दोघांचेही ज्ञान होईल.