पहिला दिवस, पोटात गोळा!

काय मंडळी, ऑफर लेटर हातात पडलं? पेढे वाटून झाले? घरच्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून पॅकेजचा आकडा (थोडा वाढवूनच!) सांगून झाला? मग आता खरी गंमत सुरू. सोमवारी जॉइनिंग आणि रविवारी रात्री झोप गायब!

आपल्या शहराला हा पोटातला गोळा नवा नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडा आली, आता ऑरिक आहे. शहराचं नाव २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. पण सकाळी बाबा पेट्रोल पंपाजवळ कंपनीच्या बसची वाट बघत, नव्या बुटांकडे पुन्हापुन्हा नजर टाकणारा चेहरा तोच. कधी जालन्याचा, कधी बीडचा, कधी सिडकोतलाच.

मी फ्रीलान्सर. त्यामुळे माझा ‘पहिला दिवस’ वर्षातून चार-पाचदा येतो. नवं ऑफिस, नवा बॉस, नवं वॉशरूम शोधणं! एवढ्या अनुभवानंतरही हात गार पडतात ते पडतातच. पण दोन फंडे कामी येतात.

पहिला फंडा : कुणी तुमच्याकडे बघत नाहीये. खरंच! कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा २००० मध्ये प्रसिद्ध झालेला एक भन्नाट प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा भलामोठा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी आपला शर्ट पाहिला असणार. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच तो लक्षात राहिला होता. म्हणजे तुमच्या इस्त्रीची घडी मोडलीय, हे फक्त तुम्हालाच माहीत आहे, बॉस!

दुसरा फंडा : ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावू नका. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की ‘मी एक्साइटेड आहे’ असं मोठ्यानं म्हणणाऱ्यांचं भाषण आणि गाणं शांत व्हायला धडपडणाऱ्यांपेक्षा सरस झालं. कारण साधं आहे. भीती असो की उत्साह, छाती सारखीच धडधडते. फक्त नाव बदलायचं. नगर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये हेल्मेटच्या आत म्हणून बघा, कुणाला ऐकू येणार नाही.

बाकीची तयारी सोपी. आदल्या दिवशी ऑफिसपर्यंत एक चक्कर मारून या. आधी नोकरी केली असेल तर पीएफचा बारा अंकी यूएएन नंबर हाताशी ठेवा. भेटलेल्या माणसांची नावं घरी आल्यावर लिहून काढा. झालं!

पण एक गोष्ट या फंड्यांनी सुटत नाही. ती म्हणजे लंच टाइम. डबा हातात घेऊन कुठल्या टेबलाशी जायचं? इथली भीती मनाचे खेळ नसते. कारण कुणी बोलावणार की नाही, हे आपल्या हातात नसतंच.

आपण ज्यांचं नाव रोज विद्यापीठाच्या गेटवर वाचतो, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची नोकरीची सुरुवात आठवा. कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोदा संस्थानात रुजू झाले. डिग्रीत काही कमी होतं? पण शिपाई फायली दुरून टाकायचे. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. पुढच्या वर्षी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्रोफेसर झाले, तेव्हा काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या सामायिक भांड्यावरून आक्षेप घेतला. वर्गातल्या पोरांनी मात्र त्यांचं शिकवणं ओळखलं. बाहेरचेही ऐकायला येऊ लागले. या माणसानं पुढे १९५० मध्ये आपल्याच शहरात कॉलेज सुरू केलं, ज्याला आपण मिलिंद म्हणतो. ज्यांना कुठेच दार उघडत नव्हतं, त्या मराठवाड्यातल्या पोरांना तिथे आत येता आलं.

आज फायली कुणी फेकत नाही. पण ‘आडनाव काय? गाव कुठलं? राहायला कोणत्या भागात?’ हे प्रश्न पहिल्याच दिवशी चहाबरोबर येतात. कधी ती निव्वळ ओळख असते, कधी मोजमाप. नव्या माणसाला फरक बरोबर कळतो.

एका ऑफिसात पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात डबा उघडत होते, तेवढ्यात अकाउंट्समधल्या एक ताई ओरडल्या, ‘‘अगं, इकडं ये की! ठेचा आणलाय, खाती का?’’ आडनाव त्यांनी आठवडाभरानं विचारलं, तेही बिलासाठी. त्या दिवशीचं काम काय होतं ते मला आठवत नाही, ठेचा आठवतो.

तेव्हा सोमवारी रुजू होणाऱ्यांनो, ऑल द बेस्ट, टेन्शन नॉट! आणि जुने झालेल्यांनो, तुमच्यासाठी होमवर्क आहे. येत्या सोमवारी तुमच्या मजल्यावर कुणी नवं येतंय का बघा. डबा उघडायच्या आधी त्याला हाक मारा. बाकीची चौकशी नंतर!