मोटारीने परत आलेच पाहिजे

घराला चाके लावण्याची कल्पना काही विलायतेहून आलेली नाही. दसरा उलटला की बीडकडचा ऊसतोड कामगार बायकापोरे, भांडीकुंडी, शेळी-कोंबडी असा सगळा संसार गाडीत घालून साखर कारखान्याच्या वाटेला लागतो. तमाशाचा फड हंगामभर ट्रकवरच नांदतो. धनगराचे बिऱ्हाड तर घोड्याच्या पाठीवर. पण त्याला आपण कधी हौस म्हटले नाही; पोटामागे जाणे म्हटले. आता मात्र चांगला तीन खोल्यांचा ब्लॉक असलेली माणसे मोटारीत पलंग ठोकून घेतात, शेगडी बसवतात, टपावर सूर्यशक्तीच्या पाट्या लावतात आणि ब्लॉकला कुलूप ठोकून जग पाहायला निघतात. याला काळाचा महिमा म्हणावे की ब्लॉकचा, ते वाचकांनीच ठरवावे.

माझा नागपूरचा पुतण्या आणि त्याची बायको याच नव्या जमातीतली. एक जुनी बारा आसनी गाडी घेऊन त्यांनी तिचे घर करून घेतले. असले बदल सुताराला बोलावून परस्पर करता येत नाहीत बरे! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीच्या वेळी गाडी जशी होती तशीच ती राहिली पाहिजे. बदल करायचा तर आधी परवानगी. ती मिळाली, सुतार आला, रंगारी आला, आणि एके दिवशी दोघांनी जाहीर केले की आम्ही गाडी घेऊन आफ्रिकेत वर्षभर फिरणार.

“मग गाडीनेच का जात नाही? जमीन तर सलग आहे,” असे मी म्हणालो. नकाशावर जमीन सलग आहे हे खरे. १९५७ साली ‘इंडियामन’ नावाची बस १५ एप्रिलला लंडनहून निघाली आणि ५ जूनला कलकत्त्यास पोहोचली. त्यानंतर वीसएक वर्षे युरोपातली तरुण पोरे तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत मोडक्या गाड्यांतून आपल्याकडे येत होती. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्ष संपता संपता अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, आणि ती वाट मोडली. आमच्या गाडीला तर वाघ्याचीच सीमा पार होणे नाही. तेव्हा मोटारीने समुद्रमार्गे जावे, माणसांनी विमानाने जावे आणि मोंबासाला दोघांनी भेटावे, असे ठरले. तिकडेही आपल्यासारखे रस्त्याच्या डाव्या बाजूने हाकतात, ही त्यातल्या त्यात सोय.

मोटार परदेशी धाडायची म्हणजे दोन प्रश्न. पहिला, तिला बसवायची कशात? २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ लोखंडी पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या आणि जगाचा व्यापार त्या पेटीत गेला. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, तेही त्या पेट्यांच्याच जोरावर. पण साध्या पेटीच्या दाराची उंची सुमारे २.२८ मीटर आणि उंच पेटीची २.५८. आमच्या घराची उंची, टपावरच्या पाट्यांसकट, २.८! दारातून डोके वाकवून आत जाणे माणसाला जमते, मोटारीला जमत नाही. मग दुसरी तऱ्हा उरली: जिच्या पोटात मोटारी आपल्या चाकांनीच चढतात आणि चाकांनीच उतरतात ती आगबोट. मुंबई बंदरातून नव्याकोऱ्या मोटारी अशाच परदेशी जातात.

दुसरा प्रश्न कागदांचा. माणसाला पासपोर्ट, तसे मोटारीला ‘कार्ने’ नावाचे पुस्तक लागते. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, जी १९१९ पासून आहे, ते देते. प्रत्येक पानाचे तीन तुकडे: देशात शिरताना एक फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा शिक्क्यांसह पुस्तकातच राहतो. मुदत एक वर्षाची. भावार्थ असा की, ही मोटार पाहुणी आहे, विकायला आणलेली नाही. ती परत गेली नाही तर तिच्यावरची जकात जामिनातून वसूल करावी. त्यासाठी भली थोरली रक्कम अडकवून ठेवावी लागते. पुतण्याने ती अडकवली, आणि रकमेचा आकडा ऐकल्यापासून माझ्या भावजयीने चहात साखर घालणे कमी केले.

निघायचा मुहूर्त आला तो नेमका पौषात. या महिन्यात लग्ने नाहीत, मुंजी नाहीत. पण समुद्राचे पंचांग वेगळे. वाफेच्या बोटी येण्यापूर्वी आपल्या किनाऱ्यावरची गलबते आफ्रिकेला जात ती याच दिवसांत, ईशान्येचा वारा शिडात भरून. आणि परतत ती नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर. म्हणजे आफ्रिकेला निघायला पौष हाच खरा मुहूर्त. हे मी भावजयीला सांगितले. तिने ऐकून घेतले, एवढेच.

सोबत म्हणून मीही गाडीत बसलो. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून सबंध खुला आहे. पहाटेच्या धुक्यात निघालो. वर्ध्यापुढे कापसाच्या गाड्या, कारंज्याकडे तुरीची पिवळी शेते, हुरड्याचे धूर. सिंदखेडराजाजवळ १२ जानेवारीच्या जिजाऊ जयंतीसाठी निघालेल्या लोकांची रीघ लागलेली. मोठ्या रस्त्याला एक खोड असते: त्यावरून गाव दिसते, गावाचे माणूस दिसत नाही. म्हणून मुक्काम खाली उतरून एका शेतात केला. पलंगावर आम्हा तिघांना पुरेशी गोधडी होती, तरी पहाटे नळीतले पाणी हातात घेववत नव्हते. दुसऱ्या दिवशी इगतपुरीचा बोगदा ओलांडला आणि घाट उतरताच स्वेटर काढावे लागले.

सरळ मुंबई गाठता आली असती. पण आम्ही पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड असा वळसा घेऊन मांडव्याला गेलो, कारण तिथे माझी आत्या राहते. हिंदी सिनेमा पाहणाऱ्यांना मांडवा ‘अग्निपथ’मुळे ठाऊक, आम्हाला तो आत्यामुळे. ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे, आणि आठ वर्षांची असल्यापासून तिने पाण्यावर पाऊल ठेवलेले नव्हते.

१७ जुलै १९४७. आषाढी अमावास्या, लोकांच्या भाषेत गटारी. सकाळी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला गावी जाणारे चाकरमानी, व्यापारी, कोळी अशी सातशेच्या वर माणसे. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटेने बोट कलली. माणसे भिऊन एका बाजूला धावली आणि त्या भाराने ती उलटली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नाही. रेवसकडच्या कोळ्यांनी मासळी समुद्रात ओतून मचवे रिकामे केले आणि हाताला लागतील ती माणसे वर ओढली. सहाशेच्या वर माणसे गेली. त्यांत माझे आजोबा होते. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा २९ दिवस उरले होते.

माझे वडील पुढे रेल्वेत लागून नागपूरला गेले. आत्या मांडव्यातच राहिली, तिथेच तिचे लग्न झाले. मुंबईला जायचेच झाले तर ती एसटीने पेण-पनवेलचा शंभर किलोमीटरचा फेरा करी. समोर समुद्रातून ते अंतर एकोणीस-वीस किलोमीटर! रात्री तिच्या अंगणातून मुंबईचे दिवे दिसत. ती तिकडे पाठ करून बसे.

आम्ही पोहोचलो त्या रात्री तिने पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी. मडके उपडे घालून भोवती पेंढ्याचा जाळ. शेंगा सोलताना ती पुतण्याला म्हणाली, “त्या पुस्तकात काय लिहिलंय म्हणालास? गाडी वर्षात परत आणली पाहिजे?”

“हो आत्याआजी. नाहीतर पैसे जातात.”

“आणि तुम्ही दोघं?”

“आमचं काही लिहिलेलं नाही.”

“बघ म्हणजे,” एवढेच ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. तिचा धाकटा मुलगा कामासाठी म्हणून आखाती देशात गेला तो तिथूनच पुढे कॅनडात, हे मला आठवत होते. पुतण्यालाही आठवत असावे. तो जाळात पेंढा सारत राहिला.

सकाळी तिने गाडीत पांढऱ्या कांद्याची माळ, वालाची पुरचुंडी आणि लोणच्याची बरणी आणून ठेवली. मोटारीच्या जहाजात मोटारीबरोबर खाण्याचे सामान, बी-बियाणे जाऊ देत नाहीत. गॅसची टाकी काढावी लागते, इंधन तळाशी लागेल इतकेच ठेवावे लागते, चाकांची मातीसुद्धा धुवावी लागते. हे तिला सांगणे माझ्यावर आले. ती म्हणाली, “मग ते बंदरापर्यंत तरी माझं आहे ना? मी येते बंदरापर्यंत. तिथे उतरवून घेईन.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. बंदरापर्यंत म्हणजे पाण्यावरून!

“मी बोटीत बसणार नाही,” आत्याने खुलासा केला. “मी गाडीत बसेन. गाडी कशात बसते ते गाडीने बघावं.”

मांडवा ते भाऊचा धक्का ही मोटारी नेणारी रो-रो बोट १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली, टाळेबंदीने लगेच थांबली आणि त्याच वर्षी पुन्हा चालू झाली. ग्रीसमध्ये बांधलेली ही बोट. गेटवेच्या लहान बोटी पावसाळ्यात बंद असतात, ही चालते. धक्क्यावर बोटीच्या टोकाचा पत्रा पुलासारखा आडवा पडतो आणि मोटारी तुरुतुरु आत जातात. आमचे घरही गेले. पण आत उभे केल्यावर कळले की, प्रवाशांनी गाडीत बसायचे नाही, वरच्या मजल्यावर जायचे. आत्याच्या युक्तिवादाचा पायाच गेला. मला वाटले, आता ही उतरणार. तिने एका खलाशाला जवळ बोलावले आणि विचारले, “माणसं मोजून घेता का?”

“हो आजी, तिकिटाप्रमाणे.”

“मुंबईशी बोलायचं यंत्र आहे?”

“आहे की.”

“आणि सगळी एका बाजूला धावली तर?”

तो पोरगा क्षणभर थांबला. मग म्हणाला, “आजी, गाड्यांचं सगळं वजन खाली आहे. वरच्या माणसांनी ती कलायची नाही.”

उत्तर बरोबर होते. अशा बोटीला भीती असते ती दुसरीच: दार उघडे राहून मोटारींच्या मजल्यावर पाणी शिरण्याची. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जममधल्या झेब्रुगे बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही बोट तेवढ्यानेच काही मिनिटांत आडवी झाली आणि १९३ माणसे गेली. पुढे दारे लागल्याची खूण कप्तानाला समोर दिसावी असे नियम झाले. समुद्रावरचा नियम बहुधा असाच, कोणाच्या तरी घरचे माणूस गेल्यावर लिहिला जातो. हे मी आत्याला सांगितले नाही. बोटीचा पत्रा वर उचलला जाऊन बंद झाला, तो मात्र तिला नीट दाखवला.

दोन खलाशांनी तिला खुर्चीसकट वर नेले. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत होता. मागे कनकेश्वराचा डोंगर लहान होत गेला. भोवती पर्यटकांची पोरे बिस्किटे खात होती, कुणाचा कुत्रा भुंकत होता. आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून पाण्याकडे पाहत होती. एकदाच तिने विचारले, “कुठे असेल रे?” मी दक्षिणेकडे अंदाजाने बोट दाखवले. तिने तिकडे पाहून हात जोडले.

तासाभराने भाऊचा धक्का आला. भाऊ अजिंक्य यांच्या नावाचा हाच तो धक्का, जिथून तिचे वडील निघाले होते. पत्रा खाली पडला, मोटारींचे भोंगे सुरू झाले. आत्या उठून उभी राहिली आणि म्हणाली, “एवढंच होतं होय अंतर?”

त्यावर आमच्यापैकी कुणालाच काही बोलता आले नाही.

बंदरात मोटारीची तपासणी झाली, पुस्तकाचे पहिले पान फाडले गेले, शिक्का बसला. कांद्याची माळ, वाल आणि बरणी आत्याने ठरल्याप्रमाणे उतरवून घेतली. किल्ली बंदराच्या माणसाच्या हाती देताना पुतण्याचा चेहरा मुलगी सासरी धाडणाऱ्या बापासारखा झाला होता. दुपारच्या बोटीने मी आत्याला मांडव्याला परत नेले. या खेपेला खुर्ची लागली नाही. कठड्याला धरून ती सावकाश आपली आपण चढली.

आता दिवाळी आली. पोरांची पत्रे, म्हणजे मोबाइलवरचे फोटो, येतात. गाडी लाल मातीने माखलेली असते आणि तिच्यासमोर दोघे हसत उभी असतात. आत्याने घरातल्या कॅलेंडरावर पुस्तकाची मुदत संपण्याच्या तारखेभोवती लाल शिसपेन्सिलीने गोल काढून ठेवला आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते की, सरकारी कागद आहे, त्या दिवशी गाडीला परत यावेच लागते. अर्ज केला तर अशा पुस्तकाला मुदतवाढही मिळू शकते. ते मी तिला अजून सांगितलेले नाही.