पहिले वस्त्र

देवळाली कॅम्प हे मुळातच येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी येथे छावणी वसविली, ती मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांना आगबोट मिळेपर्यंत थांबता यावे म्हणून. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या कित्येक हिंदू कुटुंबांना देवळालीच्याच छावणीत आसरा मिळाला. काकूलचे तोफखाना विद्यालय तर फाळणीच्या आधीच येथे आले होते. तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतले जवान आणि अधिकारी संसार घेऊन येथे येतात, दोन-तीन वर्षे राहतात आणि बदलीचा हुकूम आला की पुढे जातात. अशा गावात जन्मणाऱ्या कित्येक बाळांची आजी शेकडो कोस दूर असते आणि वडील कधी कधी सीमेवर असतात. मग त्या बाळाच्या अंगावर पहिले वस्त्र घालायचे कोणी?

वरकरणी हा प्रश्न किरकोळ वाटेल. नाशिकरोडच्या कोणत्याही दुकानात झबली, टोपडी, हातमोजे, पायमोजे असा संच खोक्यात घालून तयार मिळतो; तो दोन दिवसांत घरपोचही येतो. वस्त्राची गरज भागते, हे खरेच. परंतु आपल्या समाजाने तान्ह्याच्या वस्त्राकडे केवळ गरज म्हणून कधीच पाहिले नाही. मराठी घरात त्यासाठी 'बाळंतविडा' हा स्वतंत्र शब्द आहे. अंगडी, टोपडी, दुपटी, लाळेरी, कुंची आणि मऊ बाळोती यांचा हा संच कोणा एकीने शिवलेला नसे. आजी दुपट्याला टाके घाली, मावशी टोपड्याची झालर करी, शेजारची काकू उरलेल्या कापडातून दोन झबली बेतून देई. बाळ जगात येण्यापूर्वीच पाच-सहा बायकांनी त्याच्यासाठी हात झिजवलेले असत. बाळंतविडा म्हणजे त्या बाळाचे समाजाने केलेले स्वागतच होते.

त्या शिवणकामामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण होते. झबल्याला गुंडी लावायची नाही, बंद लावायचे. कारण गुंडी तुटली तर बाळाच्या तोंडात जाते. नवजात बाळाच्या कपड्याची शिवण बाहेरच्या बाजूस ठेवायची, म्हणजे ती कोवळ्या कातडीला घासत नाही. नवे कापड आधी धुऊन घ्यायचे, म्हणजे त्यातली खळ निघते आणि ते आटायचे तेवढे आटते. उन्हाळ्यात मलमल, थंडीत फ्लॅनेल. देवळालीच्या बोचऱ्या थंडीत कानावर वारा जाऊ नये म्हणून डोक्यापासून पाठीपर्यंत एकसलग उतरणारी कुंची. हौस असलीच तर तिला जुन्या खणाचा किंवा येवल्याच्या विरलेल्या पैठणीच्या काठाचा तुकडा. संक्रांतीनंतर बोरन्हाणाला काळे झबले, कारण काळा रंग ऊन धरून ठेवतो. यातली एकही गोष्ट पुस्तकात लिहून ठेवावी लागली नाही. ती सुईदोऱ्याबरोबर आईकडून मुलीकडे येत राहिली.

पहिले दिवस बाळाला नव्या कापडाऐवजी आजोबांच्या धोतराचे किंवा आजीच्या लुगड्याचे, धुऊन धुऊन मऊ झालेले कापड घालावे, हीही त्यातलीच रीत. ही रीत केवळ महाराष्ट्राची नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर टाके घालून तान्ह्यासाठी कांथा करतात. बिहारच्या मिथिलेत नवजात बाळाला गुंडाळण्यासाठी जुन्या कापडाची सुजनी शिवतात आणि तिच्यामागे चितिरिया माँ या चिंध्यांच्या देवीची श्रद्धा आहे. सिंधमधून येथे आलेल्या माताभगिनींना ठिगळांची रल्ली ठाऊक होती. आपल्याकडे तीच गोधडी. भाषा निराळ्या, टाके निराळे, पण भाव एकच : घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अंगावरचे वस्त्र नव्या जिवाच्या अंगावर यावे आणि त्याबरोबर त्यांचा आशीर्वादही यावा. देवळाली कॅम्पच्या एकाच गल्लीत बंगाली, बिहारी, सिंधी आणि मराठी बाळंतिणी शेजारी शेजारी राहतात. राष्ट्रीय एकात्मतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. ती एकात्मता या चार दुपट्यांत डोळ्यांना दिसते.

देवळालीला लागूनच भगूर आहे. २८ मे १८८३ रोजी तेथे जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटविली, हे प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असते. त्यांच्या थोरल्या वहिनी, बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी यांनी नाशिकमध्ये स्त्रियांना एकत्र करून स्वदेशीचे व्रत घरात नेले, याची आठवण मात्र तितकीशी काढली जात नाही. होळी एका संध्याकाळी पेटते आणि विझते. तिच्यानंतर घरातल्या माणसांनी काय नेसावे, मुलांनी काय घालावे, याचे उत्तर रोज द्यावे लागते आणि ते घरातूनच यावे लागते. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात उभारलेल्या सेवासदनात शिवणकामाला स्थान मिळाले ते याच जाणिवेतून. ज्या स्त्रीच्या हातात कला आहे, ती परावलंबी राहत नाही. पुढे १९३० च्या दशकात कोलकात्यात 'उषा' हे भारतीय शिवणयंत्र तयार होऊ लागले आणि विदेशी यंत्राला घरचा पर्याय मिळाला. अकाली वैधव्य आलेल्या किंवा तुटपुंज्या पगारात संसार ओढणाऱ्या किती मातांनी त्या यंत्रावर मुलांची शिक्षणे केली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

ती यंत्रे आज गेली कोठे? बहुतेक घरांत ती कोपऱ्यात आहेत. वर आच्छादन, त्यावर फुलदाणी. शाळेतला शिवणाचा तास गुणपत्रिकेच्या स्पर्धेत मागे पडला. मुलगी अभियंता झाली याचा आनंद सर्वांनाच आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु तिला साधा बंद लावता येत नाही, मुलाला तुटलेली गुंडी लावता येत नाही, याची खंत कोणाला वाटत नाही. आजी एकटी देवळालीत, नातू पुण्यात किंवा थेट अमेरिकेत. त्याच्या बारशाला तिच्याकडून जाते ती रक्कम. तिच्या हातांना काम उरलेले नाही, आणि बाळाच्या अंगावर तिच्या हाताची खूण नाही. नुकसान दोघांचेही झाले आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. स्त्रीला पुन्हा यंत्रासमोर बसवायचे आहे काय? सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या आईने रात्री झबली शिवत बसावे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट आहे : मुळीच नाही. बाळंतविडा हे बाळंतिणीचे काम कधीच नव्हते, तिच्या भोवतीच्या माणसांचे होते. आज ते आजीने, निवृत्त काकूंनी, सुटीत घरी असलेल्या भाच्यांनी उचलावे. त्यात पुरुषांनी संकोचू नये. ज्या महाराष्ट्राने संत नामदेवांना मस्तकी धरले, त्याला सुईदोरा हलका वाटण्याचे कारण नाही. घरी शक्यच नसेल तर गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या भगिनीकडून शिवून घ्यावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या 'प्रधानमंत्री विश्वकर्मा' योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. पण हाताला काम समाजाने द्यायचे असते. तयार कपड्याशीही वैर नाही. दहा झबली दुकानातली असोत. अंगाला लागणारे पहिले वस्त्र तेवढे घरचे, सुती आणि कोणीतरी मायेने शिवलेले असावे.

आणि ज्या बाळाला जवळ आजी नाही, त्याचे काय? सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच द्यावे लागते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या वाण म्हणून दिल्या जातात. बहुतेक घरांत त्या माळ्यावर जातात. त्याऐवजी एखाद्या महिला मंडळाने ठरवावे की, यंदाच्या वाणाचा खर्च सुती कापडावर करायचा. अर्ध्या मीटरमध्ये एक झबले सहज निघते. पौषातल्या चार दुपारी एकत्र बसून शिवावे. त्यातील बाळंतविडे छावणीतल्या एकट्या बाळंतिणीला, सरकारी रुग्णालयात प्रसूत झालेल्या मजूर स्त्रीला, सेवावस्तीतल्या घराला जात-भाषा न विचारता द्यावेत. पती सीमेवर असलेल्या त्या तरुण मातेला गावाने दिलेले ते झबले कोणत्याही सत्कारापेक्षा मोलाचे वाटेल.

संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने कुटुंब प्रबोधन, सामाजिक समरसता, पर्यावरण, स्व-बोध आणि नागरिक कर्तव्य या पाच परिवर्तनांचा विषय घरोघरी पोहोचत आहे. पाचही शब्द मोठे आहेत आणि मोठ्या शब्दांना पुष्कळदा घरात शिरायला दार सापडत नाही. जुन्या लुगड्याचे दुपटे हे असे एक दार आहे. त्यात आजी आणि नातवंडाची भेट आहे, वाया जाणाऱ्या कापडाचा उपयोग आहे, स्वतःच्या हातावरचा विश्वास आहे आणि परक्या बाळाला आपले म्हणणे आहे. कोपऱ्यातल्या यंत्रावरची फुलदाणी उचलावी, चाकाला दोन थेंब तेल द्यावे. या हिवाळ्यात कोठेतरी एक बाळ येणारच आहे.