पोरकी नसलेली वस्ती

जबलपूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी झोपडवस्तीत जातात, झाडू मारतात, मुलांना अक्षरे शिकवतात. त्यांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती योजनेच्या भाषेविषयी. 1969 साली 37 विद्यापीठांत सुरू झालेली ही योजना गाव किंवा वस्ती ‘दत्तक’ घ्यावयास सांगते. दत्तक घेतात ते पोरक्याला! वस्ती पोरकी नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने झोपडपट्टी सुधारणा व सार्वजनिक आरोग्य ही कामे नगरपालिकांच्या सूचीत घातली आहेत. महापालिकेने वर्षभर करावयाचे काम सात दिवसांच्या शिबिरावर सोपवणे ही सेवा नव्हे. ती सत्ताधाऱ्यांना दिलेली सूट आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनी वस्तीत जाऊच नये, असे म्हणणे हा पढीक कडवेपणा होय. जावे, पण वही घेऊन. मध्य प्रदेशच्या 1984 च्या कायद्याने शहरी भूमिहीनाला राहत्या जागेचा पट्टा मिळू शकतो. तो कोणाकडे आहे, कोणाचा अर्ज पडून आहे? उंबरठ्यावर विड्या वळणाऱ्या स्त्रीजवळ विडी कामगाराचे ओळखपत्र आहे काय? तिच्या कल्याण निधीला आधार देणारा उपकर केंद्राने 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आणताना रद्द केला, हे तिला कोणी सांगितले काय? (कल्याण आयुक्तांचे कार्यालय याच शहरात आहे, हे विशेष.) वर्षाचे 120 तास या चौकशीत गेले, तर झाडूचे छायाचित्र मिळणार नाही; अर्जांचा गठ्ठा मात्र मेजावर पडेल, आणि तो घेऊन जाणाऱ्यांत वस्तीतल्या बाया पुढे असतील.