हरिहरेश्वरला लागलेली नौका आणि पाण्यात न आखलेली रेघ

प्रति,
मा. सचिव, सीमा व्यवस्थापन विभाग,
केंद्रीय गृह मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : भारत-पाकिस्तान सागरी सीमा आणि रायगडचा किनारा

महोदय,

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील सागरी सीमा दोन्ही देशांनी मिळून अजून ठरवलेली नाही. कच्छच्या रणाच्या पश्चिम टोकाला सर क्रीक ही 96 किलोमीटर लांबीची खाडी आहे. जमिनीवरची सीमा तिच्यापाशी येऊन अडते, आणि पुढे पाण्यात उभयमान्य रेघच नाही.

या वादाचे मूळ मुंबईच्या दप्तरात आहे. सिंध मुंबई इलाख्यात असताना 1914 साली मुंबई सरकारने सिंध आणि कच्छ संस्थान यांच्यातील तंट्यावर एक ठराव केला. त्याच्या नकाशात हद्दीची हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठाने गेली, म्हणजे सगळी खाडी सिंधकडे. त्याच ठरावात पुढे मात्र नौका चालण्याजोग्या प्रवाहाच्या मध्याचा उल्लेख आला. पाकिस्तान नकाशावर बोट ठेवतो, भारत प्रवाहाच्या मध्यावर. 1968 च्या लवादाने रणाचा सुमारे नऊ दशांश भाग भारताला दिला, पण ही खाडी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. 2007 मध्ये दोन्ही देशांनी मिळून तिची मोजणी केली; 2012 नंतर या विषयावर बोलणी झालेली नाहीत. खाडीत दलदल आणि तिवरांपलीकडे फारसे काही नाही. मोल आहे ते तिच्या मुखाचे. सागरी सीमा तिथूनच काढायची असल्याने मुख थोडे सरकले तरी खोल समुद्रातले मोठे क्षेत्र इकडचे तिकडे होते.

या अनिश्चिततेची किंमत मच्छीमार मोजतात. गुजरातच्या बोटींवर पालघर जिल्ह्यातले खलाशी मोठ्या संख्येने असतात. मासळीच्या मागे बोट पुढे गेली की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा ती पकडते, खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातात आणि बोट बहुधा तिकडेच राहते. 6 नोव्हेंबर 2021 रोजी ‘जलपरी’ या बोटीवर झालेल्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातला एक खलाशी मरण पावला. भारतही पाकिस्तानी मच्छीमारांना पकडतो. 2008 च्या करारानुसार दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. मे 2025 च्या लष्करी संघर्षानंतरही 1 जुलैची देवाणघेवाण चुकली नाही. एवढा एक धागा तुटत नाही, याची नोंद धोरण आखणाऱ्यांनी घ्यावी.

रायगडचा किनारा या खाडीपासून सातशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, तरी तिथला धोका इथे पोहोचायला अंतर आड आलेले नाही. जानेवारी 1993 मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला शस्त्रे आणि स्फोटके उतरली. 12 मार्चच्या मुंबईतल्या स्फोटांत 257 माणसे मेली. दिघीच्या मालाची वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली होती आणि लाच घेऊन सोडून दिली, हे न्यायालयात सिद्ध झाले. सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही दोषी ठरले. त्या रात्री रडार असते तरी काही फरक पडला नसता. वाहने डोळ्यांसमोर उभी होती.

नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करायला आलेल्या 10 दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची बोट समुद्रात ताब्यात घेतली. बोट भारतीय, नोंदणी भारतीय, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. कुलाब्याला रबरी होडीतून उतरताना त्यांना कोळ्यांनी हटकले होते. हटकणाऱ्याचा शब्द पुढे वेळेत जाईल अशी वाट तेव्हा नव्हती.

तिसरी घटना घातपाताची नाही, म्हणूनच तिच्यापासून अधिक शिकता येते. 18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ नावाची रिकामी नौका लागली. आत तीन एके-47 रायफली आणि काडतुसे. जिल्हाभर नाकाबंदी झाली. मग उलगडा झाला : नौका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, 26 जून रोजी मस्कतजवळ इंजिन बंद पडले, खलाशांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवले आणि नौका तशीच सोडून दिली. ती 53 दिवस वाहत आली. नौका किनाऱ्याला लागली आणि तिची हकिकत नंतर आली, हा क्रम उलटा हवा होता. याहून महत्त्वाचे म्हणजे ते दिवस. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत पुष्कळ होड्या शाकारलेल्याच असतात. ज्या तांडेलांना समुद्राचे कान आणि डोळे म्हटले जाते ते त्या दोन-अडीच महिन्यांत अंगणात जाळी विणत बसलेले असतात, आणि नैर्ऋत्येचा वारा जे काही पाण्यावर असेल ते किनाऱ्याकडेच लोटतो. टेहळणीचे वेळापत्रक मात्र या पंचांगाकडे पाहून बेतलेले दिसत नाही.

2009 नंतर जबाबदाऱ्यांची नवी वाटणी झाली. एकूण सागरी सुरक्षा नौदलाकडे, 12 सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रात तटरक्षक दल, किनाऱ्यालगत सागरी पोलीस. कागदावर ही तीन कडी चोख आहेत. 20 मीटरहून लांब नौकांना ओळख प्रसारित करणारे यंत्र सक्तीचे झाले, पण रायगडच्या बहुतेक होड्या त्याहून लहान. अशा लहान होड्यांसाठी 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये एक लाख ट्रान्सपॉन्डरची योजना सुरू झाली. बोट सीमेजवळ गेली की हे यंत्र इशारा देते आणि त्यावरून संदेशही पाठवता येतो. यंत्र उत्तम. मात्र पश्चिमेकडे ते ज्या रेघेपाशी इशारा देते, ती रेघ पलीकडच्या गस्ती नौकेला मान्य नाही.

त्यामुळे पहिले काम दिल्लीचेच उरते. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक करारात अंतिम सीमा ठरेपर्यंत तात्पुरती व्यवहार्य व्यवस्था करण्याची तरतूद आहे. भारताने हा करार 1995 मध्ये आणि पाकिस्तानने 1997 मध्ये मान्य केला. बांगलादेशाशी असलेला सागरी तंटा 7 जुलै 2014 च्या लवादाने मिटला; वादातले 25,602 पैकी 19,467 चौरस किलोमीटर क्षेत्र बांगलादेशाला गेले आणि भारताने निकाल स्वीकारला. पाकिस्तानशी लवादाची वाट राजकीयदृष्ट्या बंद आहे हे खरे. तरी खाडीच्या मुखासमोर दोन्हीकडच्या मच्छीमारांना मज्जाव असलेला पट्टा, आणि चुकून आलेली बोट खलाशांसह परतवण्याचा नियम, एवढे दावे न सोडताही ठरवता येते. परत आलेली प्रत्येक बोट ही उद्याच्या ‘कुबेर’साठी हाती न लागलेली बोट असते.

दुसरे काम किनाऱ्यावरचे. गावोगावच्या सागर रक्षक दलात मच्छीमारांचीच मुले आहेत. त्यांच्याकडून खबर अपेक्षित आहे, पण बुडालेल्या दिवसाच्या रोजीचा हिशेब कोणी करत नाही. अरबी समुद्रात कुठेही नौका सोडून दिली गेली, तर पावसाळ्यात तिची माहिती श्रीवर्धन, दिघी सागरी, मुरूडसारख्या ठाण्यांपर्यंत त्याच आठवड्यात पोहोचली पाहिजे.

तिसरी बाब पालीची आहे. पाली समुद्रावर नाही. बल्लाळेश्वराच्या देवळातली मोठी युरोपीय घंटा चिमाजी अप्पांनी 1739 च्या वसई मोहिमेनंतर आणली असे सांगतात; समुद्रावरच्या पोर्तुगीज शेजाऱ्याशी झालेल्या लढाईची ती गावातली खूण. आता पालीचा संबंध येतो तो रस्त्याने. श्रीवर्धन-म्हसळ्याकडून आलेले वाहन माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला लागते आणि वाकणला त्याच्यापुढे दोन वाटा असतात : सरळ पेण, किंवा उजवीकडे वळून पाली आणि खोपोली, म्हणजे थेट पुणे-मुंबई रस्ता. संकष्टीला आणि सुटीच्या दिवशी या वाटेवर अष्टविनायकाच्या बसगाड्यांची रांग असते आणि एखादा टेम्पो तीत सहज मिसळतो. 1993 मध्ये माल पाण्यावर पकडला गेला नाही, फाट्यावर पकडला जाऊन सुटला. म्हणून किनारी सुरक्षेच्या योजनेत वाकण आणि पाली फाटा ही ठिकाणे कायम चौकी म्हणून धरावीत, तिथे कॅमेरा असावा आणि त्याचे चित्रण स्थानिक ठाण्याबरोबरच अलिबागच्या नियंत्रण कक्षातही दिसावे. अडवलेले वाहन कोणी आणि किती वाजता सोडले याची नोंद एकाच माणसाच्या हाती राहू नये.

पाली (ता. सुधागड), जि. रायगड येथील एक नागरिक