पाण्याच्या स्थानिक मंडळांस मान्यता कशाच्या आधारें द्यावी?

कोणत्याहि धंद्यांतील लोक एकत्र आले म्हणजे त्यांच्या शब्दास वजन येतें, ही गोष्ट शहरांस पाणी पुरविणाऱ्या मंडळींनीं फार पूर्वींच ओळखली. अमेरिकेंत १८८१ सालीं सेंट लुई शहरीं अवघे बावीस गृहस्थ जमले व त्यांनीं जलपुरवठ्याच्या कामांतील लोकांची एक संस्था स्थापिली. आपल्या देशांत तशाच हेतूनें ‘इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशन’ ही संस्था १९६८ सालीं निघाली. तिचें मुख्य ठाणें मुंबईस असून पुण्यासह अनेक शहरांत तिचीं स्थानिक केंद्रें आहेत. तेथें अभियंते व जलपुरवठ्याचे जाणकार जमतात, व्याख्यानें होतात, अनुभवांची देवघेव होते. मध्यवर्ती संस्था या केंद्रांस आपलेंच अंग मानते. त्यामुळें त्यांच्या म्हणण्यास किंमत येते.

हें सर्व योग्यच आहे. आमचा प्रश्न एवढाच कीं, ज्या नदीचें पाणी शहरांत जातें, त्या नदीच्या कांठच्या शेतकऱ्याचें स्थानिक मंडळ कोठें आहे, आणि असल्यास त्यास कोण मानतो?

मावळ तालुक्यापुरतें पाहूं. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु पाऊस ज्याच्या डोक्यावर पडतो त्याच्याच शेतांत पाणी राहतें असें नाहीं. लोणावळें व वळवण येथील तलावांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस उतरवून १९१५ पासून वीज काढिली जात आहे. आंध्रा नदीवरील ठोकळवाडी धरणाचें पाणी १९२२ पासून त्याच कारणास्तव भिवपुरीकडे जातें. पवना धरण १९७२ च्या सुमारास झालें. त्याचें पाणी नदीच्या पात्रांत सोडण्यांत येतें. कांठचा शेतकरी तें पंपानें उचलतो, आणि खालीं रावेत येथें पिंपरी-चिंचवड शहर आपला वांटा घेतें. म्हणजे शेत व शहर दोघेहि एकाच धारेवर बसलेले आहेत. त्यांतील एकाजवळ मापें व नोंदी आहेत, दुसऱ्याजवळ बहुधा नाहींत.

याचा परिणाम काय होतो तें आपण पाहिलेंच आहे. पवनेचें पाणी बंद नळांतून धरणापासून थेट शहरास न्यावयाचें ठरलें तेव्हां कांठच्या गांवांत मोठी धास्ती पसरली. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें द्रुतगति मार्गावर आंदोलन झालें, पोलिसांनीं गोळीबार केला, आणि तीन शेतकरी, त्यांत एक स्त्री, प्राणांस मुकलीं. पुढें तें काम कित्येक वर्षें थांबलें. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु एक धडा उघड आहे. शहर आपली मागणी आंकड्यांत मांडतें, शेतकरी ती घोषणेंत मांडतो. घोषणा ओसरते, आंकडा दप्तरीं राहतो.

मान्यतेचें दार बंद आहे असेंहि नाहीं. सिंचनाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोंपविण्याविषयींचा कायदा महाराष्ट्रांत २००५ सालीं झाला. पाणी वापर संस्थेस घनमापानें पाणी द्यावें, पीक कोणतें घ्यावें याची मोकळीक शेतकऱ्यास असावी, व कारभारांत शिरोभाग, मध्यभाग आणि शेपूट या तिहींस प्रतिनिधि मिळावेत, अशी त्याची योजना आहे. उपसा सिंचनाच्या संस्थांचाहि त्यांत विचार केलेला आहे. मग अडचण कोणती? आम्हीं महसुली दप्तरांत हयात घालविली असल्यामुळें इतकें खात्रीनें सांगतों कीं, कागदावर नोंद असणें आणि जमिनीवर वहिवाट असणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. ज्या संस्थेचा फलक आहे पण पाळीपत्रक नाहीं, तिला मान्यता देणें म्हणजे खऱ्या संस्थेची किंमत कमी करणें होय.

धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं फड पद्धति पिढ्यान्‌पिढ्या चालली. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी, आणि वांटणी सर्वांच्या देखत होई. तीच तिची मान्यता होती. अलीकडच्या काळांत नाशिक जिल्ह्यांतील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रांत, शेपटाकडे पाणी पोंचत नाहीं म्हणून ओझरच्या शेतकऱ्यांनीं १९९० नंतर पाणी वापर संस्था उभारल्या, आणि पुढें सबंध प्रकल्पाचें व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या हातीं आलें. त्यांनीं आधीं काम दाखविलें. अधिकार मागाहून चालत आला.

म्हणून मान्यतेच्या कसोट्या आम्ही अशा सुचवितों. प्रत्येक पंप रोज किती तास चालला याची वही असावी. पाणीपट्टीचा व खर्चाचा हिशेब वर्षांतून दोनदां ग्रामसभेंत मोठ्यानें वाचला जावा. उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे अल्पभूधारकाची पाळी आधीं यावी. पाण्याचे तंटे मंडळानेंच ऐकावेत व निर्णय लेखी ठेवावा. लागोपाठ दोन वर्षें असें दप्तर जें मंडळ दाखवील, त्यास आपल्या समाजानें आपली शाखा म्हणून मान्य करावें, आणि पाण्याचें आवर्तन ठरविणाऱ्या सल्लागार समितींत त्याच्या प्रतिनिधीस आसन मिळावें म्हणून सरकारकडे मागणी करावी.

कोणी म्हणतील, मोजमाप दाखविलें तर पट्टी वाढेल. तसें घडणें अशक्य नाहीं; पण ज्याचें माप नाहीं त्याचा हक्क दुसऱ्याच्या अदमासावर चालतो, आणि टंचाईच्या सालीं पहिली काटछांट त्याच्याच वांट्यास येते. दुसरे म्हणतील, मावळांत पावसास काय तोटा? इंद्रायणी भात पावसावर येईल हें खरें. परंतु भात निघाल्यावर गहूं, भाजीपाला, ऊंस आणि फुलें हीं सारीं नदींत सुटणाऱ्या पाण्यावरच उभीं राहतात.

अभियंत्यांच्या संस्थेशीं आमचें वैर नाहीं. उलट तिच्या पुणें केंद्रानें पवनेच्या कांठीं वर्षांतून एक दिवस यावें, उपसा कसा मोजावा तें शिकवावें, आणि उन्हाळ्यांत नदी कोठें तुटते तें आमच्याकडून पाहून घ्यावें. मापाचें ज्ञान त्यांजपाशीं आहे, नदीचें आम्हांपाशीं. वाचक बंधूंनीं येत्या भातकापणीनंतर आपापल्या गांवीं कांठकऱ्यांची एक बैठक बोलवावी व पहिली वही त्याच दिवशीं उघडावी. मान्यतेचा अर्ज त्यानंतर लिहिला तरी उशीर होणार नाहीं.