अर्धवट वसाहती आणि आकाशातला डोळा



आयर्लंडमध्ये आज घर मिळवणे किती अवघड आहे, हे इथल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ठाऊक आहे. म्हणूनच २०१० साली याच देशात वसाहतीच्या वसाहती ओस पडल्या होत्या, हे नव्याने आलेल्या मंडळींना सांगूनही खरे वाटत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २००६ साली इथे सुमारे ९० हजार घरे बांधून झाली. बँकांची सढळ कर्जे आणि करसवलती यांच्या जोरावर लिट्रिम, लाँगफर्डसारख्या विरळ वस्तीच्या भागातही घरांच्या रांगा उठल्या. २००८ मध्ये बँका अडचणीत आल्या, बिल्डर बुडाले आणि कामे होती तिथे थांबली. या वसाहतींना लोक 'घोस्ट इस्टेट' म्हणू लागले. पण तिथे भुते नव्हती, आयुष्यभराचे कर्ज घेतलेली माणसे राहत होती. दिवे नाहीत, रस्ता कच्चा आणि शेजारी उघडे खड्डे, अशी त्यांची स्थिती होती.

अशा वसाहती किती? मेनूथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये ६२० हा आकडा दिला. त्याच वर्षीच्या सरकारी पाहणीत अपूर्ण वसाहती निघाल्या २,८४६. एवढा फरक पडला तो व्याख्येमुळे. मेनूथने २००५ नंतरच्या, किमान दहा घरांच्या आणि निम्मी किंवा अधिक घरे रिकामी वा अपुरी असलेल्या वसाहतीच मोजल्या. सरकारने लहानमोठ्या सर्वच अपूर्ण योजना धरल्या. त्यांपैकी फक्त ४२९ ठिकाणी काम चालू आढळले.

आकड्यांचा हा घोळ चालू असतानाच सामान्य माणसाच्या हाती एक साधन आले. गूगल अर्थवर जुनी उपग्रह छायाचित्रे पाहण्याची सोय २००९ मध्ये झाली आणि सप्टेंबर २०१० मध्ये स्ट्रीट व्ह्यू आयर्लंडमध्ये सुरू झाले. वरून पाहिले की मातीचे रस्ते, नुसत्या पायाचे चौकोन आणि एकही मोटार नसलेले पार्किंग दिसते. पण छप्पर चढले की वरून घर पूर्णच वाटते. खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत, हे रस्त्यावरच्या छायाचित्रातच कळते. आणि सांडपाण्याची नळी जोडली आहे की नाही, हे दोन्हींत दिसत नाही. त्यासाठी जागेवर जावे लागते आणि कागद पाहावे लागतात.

पुढे काही वसाहती पूर्ण झाल्या, काही पाडल्या गेल्या. २०१७ च्या पाहणीत अपूर्ण वसाहती २५६ उरल्या होत्या.

हे सारे आम्ही इथे मांडतो, कारण आपल्यापैकी अनेकांनी पुणे, ठाणे, नाशिक भागात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतले आहेत. पैसे इथून जातात आणि 'काम जोरात चालू आहे' असे उत्तर तिथून येते. परदेशात बसून आपल्याला करता येईल ते इतके:

१. गूगल अर्थवर जागा शोधून जुन्या तारखांची छायाचित्रे क्रमाने पाहा. दोन वर्षांत काही बदलले नसेल तर प्रश्न विचारा. छायाचित्राची तारीख आधी पाहा, ते आजचे नसते.

२. पुणे, मुंबई, नाशिक येथे २०२२ पासून स्ट्रीट व्ह्यू आहे. त्यावरही महिना व वर्ष असते.

३. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद, कबूल केलेली पूर्णत्वाची तारीख आणि बिल्डरने दर तिमाहीला द्यायची माहिती छायाचित्रांशी ताडून पाहा. ताबा वेळेत न मिळाल्यास प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क २०१६ च्या रेरा कायद्याने दिला आहे.

४. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नका. शेवटचा हप्ता देण्याआधी घरच्या विश्वासू माणसाला एकदा जागेवर पाठवा.

छायाचित्र हा पुरावा जपून ठेवावा, पण निर्णय केवळ त्यावर घेऊ नये. आयर्लंडमध्ये लोकांनी घरे घेतली तेव्हा नकाशावर सगळे छानच दिसत होते.



– संपादक मंडळ